सल्ला : बाळ पाणी पीत नाही, मग उन्हाळ्यात द्यायचं तरी काय?

प्रश्न : माझा मुलगा एक वर्ष आठ महिन्यांचा आहे, वजन दहा किलो. आम्ही निपाणीजवळच्या खेड्यात राहतो. मी दिवसभर दुकानात कामाला असते, बाळ सासूबाईंजवळ. ऊन वाढल्यापासून तो साध्या पाण्याला तोंड लावत नाही, पण आंब्याच्या पेयाची बाटली दिसली की हट्टाला पेटतो. सासूबाई सकाळ-संध्याकाळ बशीत थोडा चहा पाजतात. दुपारी नाचण्याची आंबील देऊ का, असं विचारतात. मला वाटतं आंबील थंड, त्याला सर्दी होईल. ह्यांचं म्हणणं, ग्लुकोजची पावडर आणू. गेल्या आठवड्यात त्याची लघवी गडद पिवळी झाली होती आणि करताना तो रडला. घरी करता येतील अशी पेयं मापासकट सांगा. जुलाब लागले तर तेच सरबत चालेल का, हेही सांगा.
— एक आई, निपाणी भाग

उत्तर : ताई, आधी लघवीचं बघू. अंगात पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते आणि जळजळते. आपल्याकडे ‘उन्हाळं लागलं’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. पाणी वाढवल्यावर एका दिवसात रंग फिकट झाला आणि रडणं थांबलं तर काळजी नको. पण सोबत ताप असेल, लघवीला घाण वास येत असेल किंवा दुसऱ्या दिवशीही करताना रडत असेल, तर सरबतं पाजत वेळ काढू नका. लघवीची तपासणी करून घ्या. या वयात मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असाच दिसतो आणि त्याला औषधच लागतं.

आता किती द्यायचं ते. दहा किलोपर्यंतच्या बाळाला दिवसाला किलोमागे १०० मिली द्रव लागतो, म्हणजे तुमच्या मुलाला साधारण एक लिटर. हा आकडा ऐकून घाबरू नका, कारण त्यात दूध, आमटी, मऊ भात, फळं सगळं आलं. दिवसभरात ४०० मिली दूध आणि जेवणा-फळांतून अडीचशे-तीनशे मिली धरले, तर पाणी आणि इतर पेयं मिळून तीन-साडेतीनशे मिली उरतात. चैत्र-वैशाखात आणखी १००-१५० मिली धरा. एका वेळी ६० ते ८० मिली, दिवसातून सहा वेळा दिलं की भागतं. औषधाच्या मापाने एकदा तुमचं फुलपात्र मोजून ठेवा, म्हणजे सासूबाईंना रोज मिली-मिली करत बसायला नको. बाळ अजून अंगावर पीत असेल तर तेही दुधातच मोजा. वरचं दूध मात्र अर्ध्या लिटरवर नेऊ नका. दुधाने पोट भरलं की पोर जेवत नाही आणि रक्तातलं लोह उतरतं. दिवसातून पाच-सहा वेळा चड्डी नीट ओली होते आणि लघवी फिकट आहे, म्हणजे पाणी पुरतंय.

पेयांकडे वळण्याआधी पाण्याबद्दल सांगायलाच हवं, कारण बहुतेक घरांत चूक तिथेच होते. पिण्याचं पाणी उकळून घेतात आणि ताकात मात्र घागरीतलं कच्चं घालतात. ताक, सरबत, पन्हं पुन्हा चुलीवर चढत नाही, तेव्हा त्यातलं पाणीच आधी उकळलेलं हवं. खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट राहू द्या, झाकूनच निवू द्या. वळवाचा पहिला पाऊस झाला की विहिरी-बोअरचं पाणी गढूळ होतं आणि जुलाबाची साथ येते. त्या दिवसांत तर यात हयगय नको. माठातलं गार पाणी खुशाल द्या. माठ खानापूरचा असो की कुठलाही, रोज रिकामा करून आतून घासा, आणि पाणी काढायला लांब दांड्याचं वगराळं ठेवा. हात बुडवून तांब्या भरला की उकळलेल्या पाण्याचा काही उपयोग राहत नाही. आणखी एक : ताक, लिंबू, कोकम, पन्हं असलं काहीही आंबट तांब्याच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात करायचं नाही, ठेवायचंही नाही. आंबटाने तांबं सुटतं आणि लेकराला मळमळून उलटी होते. स्टील, काच, चिनी माती बरी.

सासूबाईंची आंबील? जरूर द्या. खरं तर या यादीत पहिला मान तिचाच. तहान भागते, पोटाला आधार होतो, साखर लागत नाही, आणि नाचण्यात शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. सर्दी विषाणूंमुळे होते, आंबिलीने होत नाही. फक्त फ्रीजमधून काढलेली बर्फासारखी नको, घरात निवलेली द्या.

बाळापुरती आंबील अशी करा. रात्री दीड पोह्याचा चमचा नाचण्याचं पीठ अर्धी वाटी पाण्यात कालवून झाकून ठेवा. मे महिन्यात सहा-सात तासांत त्याला हलका आंबूस वास येतो. एवढंच आंबवणं पुरे. मोठ्यांना लागते तशी झणझणीत आंबट आंबील लहान पोट सोसत नाही. पीठ बुळबुळीत झालं, कुबट वास आला किंवा वर रंगीत डाग दिसले, तर सरळ टाकून द्या. सकाळी दीड वाटी पाणी चिमूटभर मिठासह उकळा, आच मंद करा आणि एका हाताने ढवळत पीठ बारीक धारेने सोडा. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच. त्या वरून शिजतात, आत कच्च्या राहतात, आणि कच्च्या पिठाने पोट दुखतं. सात-आठ मिनिटं ढवळत राहिलं की रंग गडद होतो, तकाकी येते. ओलं बोट लावून पाहा, पीठ चिकटलं नाही की शिजलं. मग पूर्ण निवू द्या आणि देताना तेवढ्याच मापाचं ताजं ताक घालून रवीने एकजीव करा. गरम असतानाच ताक ओतलं तर फाटतं आणि दाण्यादाण्यांची आंबील पोर तोंडातून बाहेर काढतं. जिरेपूड चिमूटभर. लसूण, मिरची, कांदा तुमच्या वाटीत.

आंबील निवली की घट्ट होते हे लक्षात ठेवा. सकाळी पातळ वाटलेली दुपारी पिठल्यासारखी होते आणि मग ‘पीतच नाही’ अशी तक्रार येते. उकळून गार केलेलं पाणी घालून पुन्हा सैल करा. चमच्यातून एकसारखी धार पडली पाहिजे. ताक घातलेली आंबील दोन तासांत संपवायची. न ताक घातलेली फ्रीजमध्ये संध्याकाळपर्यंत राहते. फ्रीज नसेल तर दुपारी पुन्हा थोडी शिजवा, दहा मिनिटांचं तर काम आहे. नाचणा संपला असेल तर जोंधळ्याच्या पिठाची करा. पीठ बारीक चाळणीने चाळून घ्या आणि चार-पाच मिनिटं जास्त शिजवा.

ताक आंबट झालं की सगळं बिघडतं. उन्हाळ्यात दही चार-पाच तासांत लागतं. रात्री विरजण लावून सकाळपर्यंत बाहेर ठेवलं की ते आंबणारच. वाटीभर कोमट दुधाला पाव चमचा विरजण पुरे. पहाटे उठल्याबरोबर लावा आणि दही लागलं की फ्रीजमध्ये किंवा गार पाण्याच्या परातीत ठेवा. पिण्यासाठी दोन पोह्याचे चमचे दह्याला १५० मिली पाणी. दही आधी नुसतं घुसळा, मग थोडं थोडं पाणी घाला, म्हणजे चोथा खाली बसत नाही. साय काढू नका, दोन वर्षांखालच्या मुलाला स्निग्धांश हवा असतो. मीठ दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढंच. या वयात दिवसभराचं सगळं मीठ दोन ग्रॅमच्या आत असावं, म्हणजे चहाच्या चमच्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि भात-आमटीतून बरंचसं आधीच गेलेलं असतं. आंबिलीत मीठ घातलं असेल तर ताकात नको.

कैरीचं पन्हं आठवड्यातून दोन-तीनदा. रोज नको म्हणायचं कारण गूळ. दोन वर्षांच्या आत वरून साखर-गूळ जितका टाळता येईल तितका बरा, पण कैरी काही गोडाशिवाय घशाखाली उतरत नाही. मध्यम कैरी घ्या. देठ कापून अर्धा तास पाण्यात उलटी ठेवा आणि चीक जाऊ द्या. तो राहिला की पन्हं तुरट लागतं आणि ओठांभोवती लाल चट्टा उठतो. मग सालासकट कुकरमध्ये दोन-तीन शिट्ट्या. निवल्यावर साल काढा, गर हाताने कोळून गाळणीतून घासा, म्हणजे रेषा घशात अडकणार नाहीत. एक पोह्याचा चमचा गर, १५० मिली पाणी, दीड-दोन चहाचे चमचे चिरलेला गूळ, कणभर मीठ, वेलदोड्याची चिमूट. गूळ आधी पाण्यात विरघळवून गाळून घ्या, तळाशी राहिलेली माती पाहिल्यावर कशासाठी ते कळेल. पिवळाधमक दिसणाऱ्या गुळापेक्षा काळसर गूळ घ्या. गुळाऐवजी दोन खजूर कोमट पाण्यात भिजवून कुस्करले तरी छान गोडी येते. उरलेला गर गूळ न घालता बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, एक वडी म्हणजे एक फुलपात्र पन्हं.

खानापूर-जांबोटीकडची आमसुलं घरात असतील तर तीन-चार आमसुलं कपभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, कुस्करा, गाळा, चमचाभर गूळ घाला. आमसुलाला बहुधा मीठ लावलेलं असतं, म्हणून वरून नको. कोकमाचं आगळ मात्र बाळाला देऊ नका, ते भलतंच खारट असतं. बाजारी कोकम सिरप म्हणजे बाटलीभर साखर.

लिंबू सरबताला २०० मिली पाण्यात एक चहाचा चमचा रस आणि एक चमचा साखर पुरते. कलिंगडाचा रस काढूच नका. बिया काढून फोडी कुस्करून द्या, पाणी आपोआप जातं. ताज्या फळांचा रस द्यायचाच झाला तर दिवसाला १२० मिलीच्या वर नाही. शहाळं तुमच्यासमोर फोडलेलं असावं आणि लगेच प्यावं. सब्जा या वयात नको, आणि कोरडा तर अजिबातच नको. तो घशात फुगतो. बाजारातला उसाचा रस आणि बर्फाचा गोळा टाळा. ऊस चांगला असतो, बर्फ आणि चरक कसले असतात ते कोण पाहतं?

ह्यांना सांगा, ग्लुकोजची पावडर म्हणजे साखरच. त्यातून ताकदही येत नाही आणि तहानही भागत नाही. जुलाबात नुसतं ग्लुकोजचं गोड पाणी दिलं तर आतड्यात पाणी ओढलं जाऊन जुलाब वाढतात. चहाचं म्हणाल तर त्यातलं टॅनिन जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. शिवाय चहा-बटरवर भागलं की पुढचं जेवण मागे पडतं. पण सासूबाईंशी चहावरून वाद घालू नका. बाळाला चहा नको असतो, त्याला आजीच्या बशीतलं हवं असतं. त्याच वेळी, त्याच बशीत, आजीच्या मांडीवर बसून आंबील ओतून द्या. रंगही जवळपास तसाच. चार-पाच दिवसांत तो चहा विसरतो.

बाटलीतल्या आंब्याच्या पेयाला असंच हळूहळू सोडवायचं. तो १५० मिली पीत असेल तर पहिले तीन दिवस १०० मिली पेय आणि ५० मिली पाणी. मग निम्मं-निम्मं, मग ५० मिली पेय आणि १०० मिली पाणी. दोन आठवड्यांत फुलपात्रात पाणीच राहतं. बाटली त्याच्या डोळ्यांसमोर ठेवायची नाही आणि ही घरातली शेवटची बाटली. पाणी मागण्याची वाट बघू नका, खेळात रमलेलं मूल मागत नाही. उठल्यावर, दहाच्या सुमारास, जेवताना दोन घोट, दुपारच्या झोपेनंतर, चारला, आणि अंगणातून आत आल्यावर. जेवणाआधी तासभर मात्र गोड काही नको. सिपर, निपल सोडून उघडं फुलपात्र द्या. निपलच्या खाचेत दुधाची साय अडकते आणि जुलाबाचे जंतू तिथेच वाढतात. गोड पेयाची बाटली तोंडात ठेवून झोपू देऊ नका, पुढचे दात किडतात. चार थेंब सांडले तर सांडू देत.

आता शेवटचा प्रश्न. जुलाब लागले तर सरबत, पन्हं, शहाळं यांतलं काहीही ओआरएसची जागा घेत नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, सरबतात साखर जास्त. ओआरएसमध्ये मीठ आणि ग्लुकोजचं प्रमाण असं धरलेलं असतं की आतडं पाणी शोषून घेतं. अंगणवाडीत, आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पाकीट मिळतं. औषधाच्या दुकानातून आणाल तर पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं पाहा. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने या सूत्रात न बसणाऱ्या पेयांना नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली, कारण गोड पेयं त्याच नावाने विकली जात होती. तयार डब्यापेक्षा पावडरचं पाकीट बरं.

मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदमच घालायचं. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकलं की मीठ जास्त होतं आणि ते धोक्याचं आहे. लहान पाकीट २०० मिलीचं असतं, आधी वाचा. कन्नड किंवा इंग्रजी वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून माप विचारून पाकिटावर पेनाने लिहून घ्या. पाणी उकळून गार केलेलं हवं. त्यात साखर, दूध, लिंबू काही नको आणि कालवल्यावर पुन्हा उकळायचं नाही. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. तुमच्या मुलाला प्रत्येक पातळ जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. पाकीट आणेपर्यंतची सोय म्हणून एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. शीग लावून नाही, सुरीने सपाट केलेलं. सोबत भाताची पेज, ताक, मऊ भात चालू ठेवा, अंगावरचं दूध तर थांबवूच नका. झिंकच्या गोळ्या आरोग्य केंद्रातून घ्या. या वयाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, जुलाब मध्येच थांबले तरी.

सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, रडताना अश्रू नाहीत, पोटाची चिमूट घेतली तर कातडी सावकाश खाली बसते, शौचात रक्त दिसलं, पाजलेलं सगळं उलटून पडतंय किंवा बाळ गळून झोपाळल्यासारखं झालंय, यांतलं एक जरी दिसलं तरी दवाखाना गाठा. वाटेत ओआरएस चमच्याने चालू ठेवा.

तुमच्या शेजारीपाजारी याहून लहान बाळं असतील, म्हणून जाता जाता. सहा महिन्यांच्या आत, कितीही ऊन असलं तरी, वरचं पाणीसुद्धा द्यायचं नाही. आईचं दूध पुरतं, फक्त ते जास्त वेळा पाजायचं. आणि वर्षाच्या आत कुठल्याही पेयात मध घालायचा नाही, चाटवायचाही नाही. त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझमचा, म्हणजे अंग लुळं पाडणारा, आजार होऊ शकतो.